लॅपटॉपला टिकल्या

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला कापूस आतून पोखरून खाल्ला, नेमका त्याच वर्षी माझ्या नशिबी गुलाबी लॅपटॉप आला. पुण्याच्या भाचीला नवा मिळाला, म्हणून तिचा जुना माझ्याकडे. मी कृषी सहायक. नुकसानीचे पंचनामे सुरू होते, ऑफिसात एका कॉम्प्युटरमागे दहा जण उभे. अशात फुकटचा लॅपटॉप कोण सोडतं? उमरखेडला राहायचं, बसनं फुलसावंगीकडच्या गावांत जायचं आणि बांधावर बसून याद्या भरायच्या.

पहिल्याच गावात मी तो पिशवीतून काढला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा रे, बोंडअळी आली!" झालं. त्या दिवसापासून मी 'अळीवाल्या बाई'. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलायची सोय नव्हती. कारण जूनमध्ये त्याच गावाच्या पारावर उभं राहून मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, की कापसाच्या या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, निश्चिंत राहा. प्रशिक्षणात ऐकलेलं पोपटासारखं बोलले होते. आता लोक हसले की वाटायचं, हे लॅपटॉपला नाही, मलाच हसून राह्यले. पुन्हा त्या गावाला तोंड कसं दाखवायचं?

म्हटलं, निदान रंग तरी बदलू.

उमरखेडात मोटारसायकलच्या टाक्या रंगवणारे एक चाचा होते. त्यांनी लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला.

"बाई, याच्यात पेट्रोल कुठून टाकता?"

"चाचा, मस्करी नको. पांढराशुभ्र करून द्या. फक्त ही चिन्हं वाचली पाहिजेत."

कीबोर्डच्या वर एका पट्टीवर सहा बारीक चिन्हं होती, आतून उजळणारी. आवाज कमी, आवाज जास्त, चालू-बंद, अशी. बटणं म्हणजे नुसती सपाट जागा. चिन्ह दिसलं तरच बोट कुठं ठेवायचं ते कळायचं. त्यावर रंग बसला की संपलंच.

चाचांनी चष्मा पुसला. "एवढी बारीक चिकटपट्टी कापनं माह्या बापाच्यानं होत नाई. टिकल्या आना."

बांगड्यांच्या दुकानात मी मसुरीच्या डाळीएवढ्या टिकल्या मागितल्या. दुकानदारीण म्हणाली, "तुमच्या कपाळाले मोठी शोभंन."

"मले नाही पाह्यजे, लॅपटॉपले लावाच्या आहेत."

तिनं पाकीट हळूच माझ्या हातात ठेवलं. "टेन्शन नका घेऊ मॅडम. यंदा साऱ्याच ऑफिसवाल्यांचं असं होऊन राह्यलं."

चाचांनी मात्र जीव ओतून काम केलं. पॉलिश पेपरनं घासलं, स्क्रीन आणि कीबोर्ड वर्तमानपत्रानं झाकले, सहा चिन्हांवर सहा टिकल्या लावल्या आणि स्प्रेनं रंगाचे दोन हात दिले. रंग वाळत आला तशी सुईनं एकेक टिकली अलगद उचलली. मी लॅपटॉप सुरू केला. सहाही चिन्हं लख्ख उजळली.

"देखा? एक पन नाई बुजला!" चाचा खूश, मीही खूश. मग मी नीट पाहिलं. टिकली गोल असते. प्रत्येक चिन्हाभोवती जुना गुलाबी रंग तसाच गोल राहिला होता. पांढऱ्याफेक लॅपटॉपवर सहा गुलाबी ठिपके, तेही दिवे लावून!

"चाचा, हे काय केलं? ही तं कापसातली अळी झाली!"

"तुम्हीच म्हनलं, चिन्हं वाचवा. वाचवली."

मी पैसे मोजले आणि लॅपटॉप पिशवीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा नेमका त्याच गावात. बांधावर बसून लॅपटॉप उघडला. शेतवाल्या काकू वाकून बघायला आल्या आणि ओरडल्या, "अगं माय! आता तं अळी कापसातच शिरली!" झाडून सारे पोट धरून हसायला लागले. आणि माझा बांध फुटला.

"हसा! हसा अजून! जूनमधे मीच सांगतलं होतं ना, अळी येत नाही म्हणून? चुकलं माझं. माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं!" बोलता बोलता मी रडायलाच लागले.

हसणं थांबलं. काकूंनी आजूबाजूला पाहिलं. "जूनमधे काय सांगतलं होतं बाई तुम्ही?"

"बियाण्याचं. पारावर."

"ते होय? आम्हाले वाटलं, तुम्ही संडासाच्या योजनेचं सांगून राह्यल्या."

मागून एक दादा म्हणाले, "बाई, तुमचं कोन ऐकते? दुकानदारानं देल्लं, ते पेरलं."

हायसं वाटायला हवं होतं ना? मला राग आला, असा राग आला की विचारू नका. दहा वर्षं दर जूनमध्ये त्या पारावर घसा फोडला मी! डोळे पुसले आणि तणतणत म्हणाले, "मंग ऐकाचं होतं ना कधी!"

काकू माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. बाकीचेही एकेक करून बसले. काकू म्हणाल्या, "ऐकतो. सांगा, पुढच्या साली काय पेराव?"

मागच्या दादांनी तर कानाला बांधलेला रुमालही सोडला. सारे माझ्याकडं बघत राहिले.

"मले माहीत नाही," मी म्हणाले.