उशिरा उलटलेलं पान

टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी धडा घडाघडा वाचायची. मला मात्र तिचा संशय यायचा, कारण पान ती नेहमी उशिरा उलटायची. मधेच कोणी खोकलं तरी आपल्यालाच हसले असं समजून सगळ्यांकडे बघायची आणि नखाजवळची कातडी सोलायची.

सोमवारी मी तिला मुद्दाम न शिकवलेला धडा काढून दिला.

"सर, पोट दुखाय लागलंय."

"नाटकं नको. वाच."

तास संपेपर्यंत ती नुसती उभी राहिली.

मंगळवारी तिनं आपणहून तोच धडा न अडखळता म्हटला. पान उलटलंच नाही. बोटाला चिंधी बांधलेली होती.

मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, सर. धाकटी बहीण वाचून दाखवती, मी पाठ करते. पण काल पोट खरंच दुखत होतं."