मामूंनी आणलेलं पिल्लू

“इसे आज ही खत्म कर दीजिए, डॉक्टर. मेरी बच्ची को काटा है इसने,” मुन्सिफसाहेब म्हणाले.

माझ्या टेबलावर वेताची टोपली होती. तिच्यात अडीच महिन्यांचं तपकिरी पिल्लू मान खाली घालून बसलं होतं. तोंड अर्धवट उघडं, लाळेची तार लोंबत होती. मधूनच ते पुढच्या पायानं तोंड घासायचं. वाटीत पाणी ठेवलं, तर नाक बुडवलं आणि मागं सरलं.

निजामाचं राज्य होतं. औरंगाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात मला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. दिवसभर बैलांचे खांदे, घोड्यांचे खूर, शेळ्यांची फुगलेली पोटं. कुत्रं क्वचितच यायचं. आणि मुन्सिफ म्हणजे दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश. असा माणूस स्वतः टांग्यातून टोपली घेऊन येतो, असं तर मी पाहिलंच नव्हतं.

त्यांच्यामागं त्यांचे मेहुणे हबीबमियां उभे होते. गुलमंडीकडं त्यांचं हिमरूचं दुकान होतं. हिमरू म्हणजे आमच्या गावचं सुती-रेशमी नक्षीचं कापड. माणूस एरवी बोलका, त्या दिवशी मात्र जमिनीकडं बघत होता.

हकिकत अशी होती. मुन्सिफसाहेबांची मुलगी नसीम, वय नऊ, मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती. ताप गेला, पण पोरीची रया गेली होती. खाईना, बोलेना. तेव्हा तिच्या मामूंनी, म्हणजे हबीबमियांनी, तिला चकित करायचं ठरवलं. झाकलेली टोपली आणून तिच्या खाटेजवळ ठेवली आणि झाकण उघडायला सांगितलं. आत पिल्लू, गळ्यात रेशमी फीत. पोरगी महिन्याभरानं खळखळून हसली. मुन्सिफसाहेबांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या घरात कुत्रं चालत नसे. पण ते हसू बघून त्यांनी पिल्लाला अंगणात जागा दिली.

पाचव्या दिवशी पिल्लाची लाळ गळायला लागली. नसीम बोटानं त्याला दूध चाटवायला गेली आणि दात लागला. बोटातून रक्त आलं.

इथं थोडं समजावून सांगतो. कुत्रं पिसाळतं ते दोन तऱ्हेनं. एक चवताळून धावतं, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं गप्प बसतं. त्याच्या जबड्यातली ताकद जाते, तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय. कॉलेजात आमच्या मास्तरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, असल्या कुत्र्याच्या तोंडात हाड शोधायला हात घालू नका. घालणारे गेलेत.

“साहेब, मारून चालणार नाही,” मी म्हणालो.

“क्यों?”

“लाळेत रोग उतरलेला असेल, तर कुत्रं दहा दिवसांत मरतंच. दहाव्या दिवशी जिवंत राहिलं, तर त्या चाव्यातून मुलीला काही झालेलं नाही. आज मारलं, तर डोकं बर्फात घालून लांब तपासायला पाठवावं लागेल. या उन्हात ते पोचेल कसं? मग कधीच कळणार नाही.”

मुन्सिफसाहेबांनी पिल्लाकडं बघितलं. “यानी गवाह को ज़िंदा रखना है.”

“जी. साक्षीदार तेवढा एकच आहे.”

मग मी हबीबमियांना विचारलं, पिल्लू कुठलं?

“छावणीतल्या गोऱ्या कॅप्टनच्या कुत्रीचं. अस्सल विलायती.”

मी पिल्लाचे कान बघितले, शेपूट बघितली. त्यात विलायतेचं काही नव्हतं. त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं. म्हटलं, “हबीबमियां, आता शान बघू नका. पोरीच्या जिवाचा सवाल आहे.”

त्यांचे डोळे भरले. “सच बोलूं डॉक्टरसाब? रंगाऱ्यांच्या भट्टीमागं मिळालं. चार होती. भाईसाबांनी रस्त्यावरचं कुत्रं दारात उभं केलं नसतं, म्हणून विलायती म्हटलं. बच्ची हसावी, इतकंच मनात होतं.”

“आणि पिल्लांची आई?”

“नाय दिसली. लोक म्हणाले, दोन दिवसांपासून कुठं तरी निघून गेली.”

पिल्लं टाकून निघून गेलेली कुत्री. ती मेली असेल, कुणी हाकलली असेल, नाहीतर पिसाळली असेल. पिसाळलेल्या आईनं पिल्लांना चावलेलं असू शकतं.

“हे तुम्हीच मुन्सिफसाहेबांना सांगा,” मी म्हणालो. त्यांनी आत जाऊन सांगितलं. मुन्सिफसाहेब ओरडले नाहीत. “हबीब, तुमने मुझसे झूठ कहा,” एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

नसीमला सरकारी इस्पितळात नेलं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी जखम धुऊन हैदराबादला लसीसाठी तार केली. मी भेटायला गेलो तेव्हा ते काळजीतच होते. तेव्हा त्या लसीची चौदा इंजेक्शनं पोटात द्यायचे. धडधाकट माणूसही कळवळायचा.

“मुलगी हाडांचा सापळा आहे,” ते म्हणाले. “लस परवा येईल. आली की मी सुरू करणार. तोवर तुम्हाला काही जास्त सांगता आलं, तर सांगा.”

मी परत आलो. पिल्लाला कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. आमचा मलमपट्टी करणारा ड्रेसर तुकाराम, पन्नाशीचा माणूस, दारातच उभा होता.

“साहेब, त्याच्या तोंडात हात नका घालू. लई वंगाळ दुखणं हाय ते.”

“हात नाही घालत. काठी दे.”

बांबूची कामटी पिल्लाच्या तोंडात सरकवली. कच्चकन चावा बसला. पुन्हा घातली. पुन्हा चावा, आणि दुखल्यासारखं केकाटणं. मी उभाच राहिलो. गप्प पिसाळलेल्या कुत्र्याच्या जबड्यात असा जोर नसतो. याच्या जबड्यात जोर होता. मग तोंड उघडं का?

“तुकाराम, आरसा आण. आणि बँडेजच्या दोन पट्ट्या.”

“म्हंजी बघणारच व्हय?”

“बघावं लागेल. पाण्यावाचून हे दोन दिवसांत मरेल. मग मेलं ते रोगानं की तहानेनं, हे कोण सांगणार?”

कातडी हातमोजे घातले. तुकारामनं पिल्लाला पोत्यात गुंडाळून घट्ट धरलं. एक पट्टी वरच्या दातांमागून, एक खालच्या दातांमागून घालून तोंड ताणलं. दारातलं ऊन आरशानं आत पाडलं. घशात हाड नव्हतं. जीभ मात्र निळसर, सुजलेली. फोर्सेप्सनं ती वर उचलली आणि मुळाशी एक लाल रेघ चमकली.

रेशमाचा धागा होता. जिभेच्या मुळाभोवती त्याचा फास बसला होता, मांसात रुतला होता. दोन्ही टोकं दाढांमध्ये गुंतलेली. मामूंनी बांधलेली फीत पिल्लानं कुरतडली होती. बारीक कात्रीनं फास कापला आणि धागा हळूच ओढून काढला. वीतभर निघाला. पिल्लानं झटका दिला, पट्टी सटकली, आणि माझ्या अंगठ्यावर दात बसला.

पंधरा मिनिटांनी पिल्लू वाटीतलं पाणी लपलप पीत होतं. तुकाराम हसत होता. मी हातमोजा काढला. शिवण उसवली होती. अंगठ्यावर बारीकशी लाल रेघ उठली होती.

कार्बोलिक साबणानं बराच वेळ हात धुतला. तुकारामला म्हटलं, “हे कुणाला बोलू नको.”

“पर साहेब...”

“बोलू नको म्हटलं ना.”

धागा कागदात गुंडाळून मी इस्पितळात नेला. मोठ्या डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून बघितला. “म्हणजे रोग नाहीच?”

“धागा होता, हे नक्की. रोग नाहीच, हे दहाव्या दिवशी सांगेन.”

हे बोलताना मला त्रास झाला, पण तेच खरं होतं. धागा अडकलेल्या कुत्र्याला रोग होतच नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. त्यांनी विचार करून ठरवलं. लस आली की कपाटात ठेवायची, इंजेक्शनं थांबवायची, आणि मी रोज सकाळी रिपोर्ट द्यायचा. पिल्लाचं काही बिनसलं, तर त्याच तासाला सुरू करायचं.

ते दिवस मी विसरलो नाही. सकाळी दवाखान्यात पाऊल टाकताना आधी पिंजऱ्याकडं नजर जायची. हबीबमियां रोज यायचे, बाकावर बसायचे आणि नसीमची उर्दू चिठ्ठी पुढं करायचे, “आज कितना दूध पिया?” मी आकडा लिहून द्यायचो. घरी आई म्हणायची, पाणी पिताना असा थांबतोस का? मी प्रत्येक घोट गिळून बघत होतो, घसा आवळतोय का. असली लक्षणं इतक्या लवकर येत नाहीत, हे मला पाठ होतं. तरीही बघत होतो.

दहाव्या दिवशी सकाळी पिल्लानं तुकारामची चप्पल पळवली आणि तिचा अंगठा चावून तोडला. मी बसलो आणि सर्टिफिकेट लिहिलं.

मुन्सिफसाहेब स्वतः आले. कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले. “अल्लाह का शुक्र है.” मग पिल्लाच्या डोक्यावर, जरा अंतर राखूनच, दोन बोटं टेकवली.

तुकारामला राहवलं नाही. “आता आमचे साहेबबी निवांत झोपतील. दहा दिस पाण्याला भ्यायले व्हते.”

“क्यों?”

सांगावं लागलं. मी अंगठा दाखवला. रेघ केव्हाच भरून आली होती. मुन्सिफसाहेबांनी कोर्टात बघत असतील तसं माझ्याकडं बघितलं.

“रिपोर्ट में लिखा?”

“जी, नाही.”

“यानी इस मुकदमे में झूठे दो निकले. हबीब और आप.” मग ते म्हणाले, “हबीब को तो मैंने माफ कर दिया.” आणि टोपली उचलून टांग्याकडं निघाले. मला माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत. संध्याकाळी घरी बिर्याणीचं पातेलं आलं, त्यावरून मी अंदाज बांधला.

नसीम पंधरवड्यात अंगणात पळायला लागली. पिल्लू त्या घरी बरीच वर्षं राहिलं.

पुढं नोकरीभर लोक मला विचारायला यायचे, अमक्याला गुपचूप पिल्लू द्यायचंय, कसं निवडू? मी म्हणायचो, गुपचूप साडी द्या, घड्याळ द्या. पिल्लू द्यायचं तर आधी त्या घरच्यांना विचारा, त्याची आई डोळ्यांनी बघून या, आणि गळ्यात काही बांधू नका. अंगावर दात लागला तर तो त्याच दिवशी रजिस्टरात लिहावा, हे मला कुणी विचारलं नाही. ते मी माझ्यापुरतं पाळलं.