फळ्यावर जागा नाही म्हणे!

घर सोडून परदेशी गेलेल्या मुलीनं गावच्या फळ्यावर काय लिहावं, हे सांगायचं की नाही? तुम्हीच ठरवा, पण आधी ऐका.

मी वसईतलं आपलं सांडोर सोडलं त्या सकाळी बाबा निरोप द्यायला घरी नव्हते. नाक्यावर रिक्षा थांबवली. ते तिथल्या फळ्यावर लिहीत होते: मोर्चाची वेळ, कुणाच्या निधनाची बातमी, टँकरवाले कुठल्या विहिरीचं पाणी उपसताहेत ते, आणि सगळ्यात खाली क्रिकेटचा स्कोअर. मला कळतं तेव्हापासून ते रोज लिहितात. त्यांची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. आईनं माझ्या पिशवीत सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी कोंबली होती. बाबा खडूच्या हातांनीच रिक्षापाशी आले आणि म्हणाले, "तिकडं काही घडलं तर कळव. फळा आहे आपला."

तो 'आपला' मी खरा मानला.

इथं इंग्लंडात मी वृद्धाश्रमात नर्स आहे. शिफ्ट, रोटा, वीकली ऑफ, फोनकार्ड अशी माझी मराठी झाली आहे. तिकडं सकाळी पाटाचं पाणी केळींना वळवायचे, इथं आजीबाईंना गोळ्या वाटते.

या उन्हाळ्यात आपला महिला क्रिकेट संघ इथं दौऱ्यावर आला. ऑफ मिळाला तशी गेले. तिकीट नाही, रांग नाही. लोक घरून खुर्च्या आणून बसलेले. आपल्या मुली शेवटच्या षटकात जिंकल्या. ओरडून माझा घसा बसला. सामन्यानंतर एक गोलंदाज आम्हा चारपाच भारतीयांशी बोलायला आली. मी वसईची म्हटल्यावर तिनं पहिलं विचारलं, "तिकडं कुणाला कळतं का गं, आम्ही इथं खेळतोय ते?"

"उद्या सकाळी कळेल," मी छातीठोकपणे सांगितलं आणि घरी फोन केला.

पुढचं मला आईकडून कळलं. बाबांनी लिहिलं, 'भारताची इंग्लंडवर मात.' 'महिला' गाळलं. जागा नव्हती म्हणे! नाक्यावर रिक्षावाल्यांची गर्दी जमली. "काका, सेंच्युरी कोणी मारली?" बाबांनी खरं सांगितलं तसा हशा पिकला. "पोरींची मॅच? काका, सकाळी सकाळी पोपट केलात आमचा!" एकानं ओलं फडकं घेतलं आणि ओळ पुसली. बाबा बघत राहिले. मग त्याच जागी त्यांनी पुरुषांच्या पुढच्या सामन्याची वेळ लिहिली.

"मी म्हटलं यांना," आई म्हणाली, "टँकरवाल्यानं पुसलं असतं तर तुम्ही रस्त्यात ठाण मांडून बसला असतात!"

बाबांनी फोन घेतला. "अगं, लोक हसले. फळ्याची शोभा होते."

"लोक हसले म्हणून तुम्ही कधीपासून थांबायला लागलात, बाबा?"

त्यांनी फोन परत आईकडं दिला.

माझा संताप रिक्षावाल्यांवर कमी आहे. ज्या माणसानं मला अन्याय हा शब्द शिकवला, त्यालाच या अकरा जणी खेळताहेत हे लिहायची लाज वाटली, त्यावर आहे. त्या गोलंदाजापुढं मी खोटी ठरले. पूर्वी घर म्हटलं की वाडी आठवायची, पाट आठवायचा, आईची हाक आठवायची. आता वाटतं, मी पाहिलेलं जिथं खरं धरतात ते घर. ते अजून सांडोरलाच आहे का, हे मला ठाऊक नाही.

आपल्या गावच्या मासिकाचा हा अंक शनिवारी तुमच्या हातात पडेल. रविवारी दौऱ्यातला शेवटचा सामना आहे. निकाल मी आईला कळवीन. सोमवारी सकाळी आठला ती स्वतः फळ्यावर लिहिणार आहे. जिंकलो तरी, हरलो तरी, 'महिला संघ' असं पूर्ण. तिनं आजवर चारचौघांत खडू हातात धरलेला नाही. तुम्ही गल्फला असाल, मुंबईला असाल, तर नाक्यावरच्या कुणाला तरी फोन करून सांगा, ओळ पुसू नका. गावात असाल तर या, आणि दहाला गर्दी पांगेपर्यंत तिच्या शेजारी उभे राहा.