पिवळ्या तांदळाचं आवतन

आमच्या ऑफिसात मी तापट वनरक्षक म्हणून ओळखला जातो, आणि त्या उन्हाळ्यात तर डोकं नुसतं भणभणत होतं. पोरीचं लग्न भामरागडजवळच्या आमच्या गावात ठरलेलं. पाऊस लागला की नदी रस्त्यावर चढते, मग वऱ्हाड काय पोहत येणार? म्हणून भविष्य निर्वाह निधीतून, म्हणजे माझ्याच पगारातून कापलेल्या पैशातून, कर्ज मागायला मी आलापल्लीच्या ऑफिसात अर्ज दिला.

तिथला बाबू म्हणाला, कारण लग्न लिहिलंय, तर पत्रिका जोडा. मी म्हटलं, पैसा आला की छापतो. तो म्हणे, पत्रिका आली की पैसा. झालं! मी तणतणत घरी आलो आणि आईपुढे सगळ्या ऑफिसचा उद्धार केला.

आईचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला. तिच्या लेखी पत्रिका म्हणजे शहराचं खूळ. आवतन द्यायचं ते हळदीत पिवळे केलेले तांदूळ हातावर ठेवून, आणि ज्यानं ते घेतले त्याला लग्नाला यावंच लागतं. दुसऱ्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून, तांदळाची पुरचुंडी कमरेला खोचून माझ्याआधी बसमध्ये जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिला अडवणार कोण?

ऑफिसात तिनं शिपायापासून साहेबापर्यंत कोणालाच सोडलं नाही. शेवटी बाबूच्या टेबलापाशी आली.

"भाऊ, माह्या नातीचं लगन हाये. आमच्यात कागद नाई, तांदूळ रायते. घ्या, अन् या बरं."

बाबूही इकडचाच. खुर्चीतून उठून त्यानं दोन्ही हात पुढं केले. मग ते तांदूळ कागदात बांधून माझ्या अर्जाला टाचले, बाजूला लिहिलं, 'आमंत्रण प्रत्यक्ष मिळाले', आणि साहेबानं हसत हसत सही केली.

पैसे आले, पावसाच्या आत मांडव पडला. लग्नाच्या दिवशी मी वाढणाऱ्या पोरांवर ओरडत होतो, तेवढ्यात बाबू धुळीनं माखून मोटारसायकलवरून उतरला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला आईनं त्याच्यापुढं अक्षतांचं ताट धरलं. त्यानं मान हलवली आणि खिशातून टाचणीची भोकं पडलेली पुडी काढली.

"बाई, तुमचेच तांदूळ हायेत. फायलीतून सोडवून आनले."

ते पोरीच्या डोक्यावर पडले, तेव्हा मी ओरडायचं विसरून भर मांडवात आनंदानं रडलो.