झाडलेलं मैदान
कुठल्याही शाळेवरून जाताना खिचडीतल्या हळदीचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. धरणगावजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसरीला होते. वाचनाची तपासणी करायला साहेब येणार, म्हणून मुख्याध्यापकांनी मधली सुट्टीच बंद केली होती. व्हरांड्यात रांगेनं बसून खिचडी खायची, ताटली धुवायची आणि लगेच वर्गात. खाणं झालं म्हणजे सुट्टी झाली, असा त्यांचा हिशेब. समोरचं मैदान साहेबांसाठी झाडून, पाणी मारून ठेवलेलं, त्यावर पाऊल टाकायचं नाही. एका दुपारी ताटली धुता धुता मला राहवलं नाही. त्या ओल्या मातीतून मी कडुनिंबापर्यंत धावत गेले आणि परत आले, एवढंच. लगेच मुख्याध्यापक गुरुजींनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. साहेबांचं असं काय बिघडणार होतं त्या पावलांनी? शाळेमागच्या शेतात आई कापूस वेचत होती. कुणीतरी सांगितलं तशी ती पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस घेऊनच आली. “गुरुजी, वासरूलेबी आम्ही रोज मोकयं सोडतस,” ती तिच्या अहिराणीत म्हणाली, “हाई ते पोर शे.” गुरुजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही, मोठ्या मुलांच्या हाती झाडू देऊन ते माझ्या पावलांचे ठसे पुसून घेत होते. आता माझी मुलगी धुळ्यात पहिलीला आहे, शाळा सरकारीच. काल तिला विचारलं, मधल्या सुट्टीत काय खेळलात? “बाकावर डोकं खाली ठेवायचं,” ती म्हणाली, “जो हलला तो आउट.”