पट्टा कुणी बांधायचा?

भाताच्या काट्यावर चढवलं मला. भर सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, गावादेखत. एका पारड्यात खोताची वजनं, दुसऱ्यात मी, उकिडवा. खोताचा कारभारी लांबून काठीनं पारडं ढोसत बोलला, "कमी भरतोय मेला. ह्याच्या मांडीवर चिरा द्या." जांभ्या दगडाचा चिरा. तोही मीच उचलून आणला. लोक पोट धरून हसले.

खोताच्या मुलानं, धाकल्या खोतानं, घरच्या घरी विमान केलं होतं. बागेतल्या मांगराच्या छपराखाली, आंब्याच्या पेट्या बाजूला सारून. तेव्हा रत्नागिरीत मोटार दिसली तरी पोरं मागे धावायची, आणि हा विमान करून बसलेला! ते उडवायचा परवानाही त्याला मिळालेला. पण सुखाचा जीव दुःखात घालायची हौस. इंजिनात फेरफार करून त्यानं ताकद वाढवून घेतली. मग मुंबईहून विमानखात्याचा तपासनीस आला. गोरा नाही, आपलाच, मराठी बोलणारा, बूटवाला. तो बोलला, "इंजिन बदललंत, म्हणजे जुना परवाना संपला. दोन माणसांचं वजन घेऊन उडवून दाखवा. मग मंजुरी."

दुसरा माणूस कोण? खोताच्या भाऊबंदांना त्याच दिवशी देव आठवले, सगळे दर्शनाला पळाले. वाळूचं पोतं ठेवावं तर फुटून वाळू यंत्रात जाईल, नुसते चिरे रचावे तर हिसक्याला घसरतील. मग निरोप आला आमच्या महारवाड्यात. बाबा बोलला, "जा रे पोरा. आपलं भात त्यांच्या जमिनीत हाय." गेलो. खोटं कशाला बोलू, वरून समुद्र बघायला मिळेल म्हणून मनातून खूशही होतो.

काट्यावरून उतरून विमानाच्या पुढच्या बैठकीत बसलो. मांडीवर चिरा. बैठकीला चामड्याचा पट्टा होता, खांद्यांवरून मागे जाणारा, आणि त्याची कडी पाठीमागे. बसलेल्याचा हात तिथं पोचत नाही. तो दुसऱ्यानंच अडकवायचा. कोण अडकवणार? कारभारी चार हात लांब. धाकला खोत विमान उडवायला माझ्या मागच्याच बैठकीत बसलेला. मुंबईत कुणाच्याही हातचं खातो म्हणून मिरवणारा! पण त्याचा बाप, थोरला खोत, समोर उभा होता. त्यानं हात पुढे केला नाही.

तपासनिसानं लांबूनच विचारलं, "पट्टा बांधला?"

थोरला खोत बोलला, "बांधला."

बांधला! पट्टा माझ्या खांद्यावर लोंबत होता, त्याला दिसत होता. किळस आली मला. म्हणजे हा पोरगा वरून पडून मेला तरी चालेल, पण आपलं बोट त्याला लागता कामा नये! पंखा फिरायला लागला. सगळं विमान थरथरायला लागलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "नाही बांधला! मला कुणी शिवत नाही!"

इंजिन बंद केलं. तपासनीस जवळ आला, पट्टा बघितला. वाटलं, आता हा खोताला फैलावर घेणार. सरकारी माणूस, शिकलेला. तो खोताला हळूच बोलला, "काहीतरी व्यवस्था करा. मला उजेडात परतायचंय." त्याचे स्वतःचे हात खिशात. थू! असल्या शिक्षणावर थू!

व्यवस्था निघाली. कारभाऱ्यानं आंबे काढायची आकडी आणली. लांब उभं राहून आकडीनं पट्टा ओढायचा, कडीत अडकवायचा. आकडीचं टोक माझ्या मानेत घुसलं. "हलू नको रे, लागेल," तो बोलला. पुन्हा हसू. रक्ताचा ओघळ पाठीवर उतरला.

मी चिरा खाली टाकला. उतरलो.

"बस वर," थोरला खोत बोलला.

"नाय बसत."

"बापाची जमीन काढून घेईन."

"काढा."

तपासनिसानं तोंड वाकडं केलं. "वजन नाही, तर मंजुरी नाही," एवढंच त्याला कळलं. मी सडा उतरायला लागलो तेव्हा ते माझ्या बैठकीवर गोमूत्र शिंपडत होते, आणि तपासनीस उभा राहून बघत होता.

घरी बाबानं कपाळ बडवून घेतलं. "पाया पड त्यांच्या," बोलला. नाही पडलो. जमीन गेली. आई दुसऱ्यांच्या शेतात राबली, पेजेला महाग झालो. बाबा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

मग एक दिवस खोताचा बैल मेला आणि रीतीप्रमाणे मेलेलं ढोर ओढून न्यायला आम्हाला बोलावणं आलं. बाबा दोर घेऊन उठला. मी दारात आडवा झालो. बोललो, ज्या हाताला आपला विटाळ होतो, त्या हातात आपला जीव द्यायचा नाही आणि त्याची घाणही उचलायची नाही. कुजू दे तो बैल त्यांच्याच अंगणात.