बटण बंद होतं

मी गोष्टी सांगणारा माणूस आहे. बारामतीच्या एसटी स्टँडामागे चहाची एक टपरी आहे, तिथल्या बाकाचं डावं टोक माझं. मी तिथं बसून तोंड उघडलं की लोक कपातला चहा गार करून घेतात. ही फुशारकी झाली का? झाली. पण आज जे सांगतोय ते त्या बाकावर कधी निघालं नाही. आईला सांगितलं नाही. बायको नांदत होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगतो — तुमचं तोंड मला दिसत नाही, एवढ्यासाठीच.

तुम्ही इकडचे असाल तर माझी मॅटेडोरची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. लग्नाच्या मांडवात, साखरपुड्यात, ‘दिनू, ती मॅटेडोरची होऊ दे’ म्हणून लोक मला उभं करतात. त्या गोष्टीतला भडका खरा आहे. काकूंच्या भुवया जळाल्या तेही खरं. खोटा आहे तो शेवट — आणि लोक हसतात ते शेवटालाच.

थांबा. असं मधूनच नको.

नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. घरोघरी गॅस येत होता आणि मी शेगड्या दुरुस्त करत हिंडायचो. माळेगावचे तात्या कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी मॅटेडोर घेतली. कशाला? तर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, समुद्र दाखवायला. काकूंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि हॉटेलातलं अन्न त्यांना सोसत नसे. म्हणून तात्यांनी स्वयंपाकघरच चाकावर चढवायचं ठरवलं. आत झोपायला फळी, भांड्यांना मांडणी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि एक छोटासा ओटा. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी. गॅस जोडायला मला बोलावलं.

अशी गाडी माळेगावात कुणी पाहिली नव्हती. अर्धी आळी जमली. आता माझ्यासमोर माणसं जमली म्हणजे काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. सिलेंडर आतच, मागच्या दाराशी लोखंडी पेटीत होता. तिथून तांब्याची नळी फळीखालून ओट्यापर्यंत, आणि दोन्ही टोकांना रबरी नळीचा एकेक तुकडा. ओट्याकडचा जोड मी क्लिप लावून आवळला, वर साबणाचा फेस चोपडला आणि म्हणालो, ‘‘बघा मंडळी, एक बुडबुडा निघाला तर आजपासून मला दिनू म्हणू नका!’’ बुडबुडा निघाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेगडीच्या जोडणीला टाळ्या — कधी ऐकलंय?

दुसरी क्लिप पिशवीत नव्हती.

बारामतीला जाऊन आणायची तर तास-दीड तास मोडला असता. तास मोडायला माझी हरकत नव्हती हो. पण मंडळी पांगली असती. मी मागं गेलो, पेटीत वाकलो आणि तो जोड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधला. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा पाइप गळायला लागला की सगळे हेच करतात, पट्टी ताणून गुंडाळतात आणि पाणी चालू. पाण्याला ती चालते. गॅसला चालत नाही, हे मला माहीत होतं का? होतं. त्या जोडाला मी फेस लावला नाही. आणि काकू पेटी उघडायला जाऊ नयेत म्हणून त्यांना सांगितलं, रेग्युलेटरला हात लावायचं काम नाही, शेगडीचं बटण बंद केलं की झालं.

समुद्राच्या आधी एक चाचणी म्हणून काकूंच्या माहेरी, बावड्याला जायचं ठरलं. सकाळी निघताना काकूंनी गाडीतच पहिला चहा केला. मग तात्या चालवायला, शेजारी मी, आणि मागं काकू एकट्या, फळीवर मांडी घालून. गळिताचा हंगाम होता. पुढे-मागे उसाचे ट्रॅक्टर, धुरळाच धुरळा, म्हणून काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. मी तात्यांना एकावर एक किस्से सांगत होतो. इंदापूर जवळ आलं तेव्हा मागून आवाज आला.

‘‘आवो, कसला तरी वास येतुया.’’

वास मलाही आला होता. नाकाला नाही म्हणता येत नाही. पण मी मागं वळून म्हणालो, ‘‘काकू, कारखान्याच्या मळीचा वास हाय त्यो! तात्या तीस वर्षं घरी तोच घिऊन येत हुते, आन् आज वळखंना व्हय?’’

तात्या इतके हसले की गाडी रस्त्यावरून हलली. काकूही हसल्या. पुढे कुणी वासाचं नाव काढलं नाही.

बावड्यात दुपारी पोचलो. काकूंचा भाऊ आबा, भावजय, शेजारपाजार, सगळे गाडीभोवती जमले. काकूंचा चेहरा मला अजून दिसतो. माहेरच्या माणसांना स्वतःच्या चालत्या घरात केलेला चहा पाजायचा होता. ‘‘कुणी घरात जायचं न्हाय, हितंच थांबा,’’ असं म्हणून त्या आत चढल्या आणि त्यांनी काडी ओढली.

भडका उडाला. पडदा पेटला. काकू खाली आल्या तेव्हा भुवया नव्हत्या, पुढचे केस कोळपलेले, आणि उजव्या हाताची कातडी सुटलेली. आबांनी त्यांचा हात हौदात धरला. मी मागं धावलो, पेटी उघडली. पट्टी सैल होऊन नळीवरून घसरली होती आणि जोड फुसफुसत होता. मी रेग्युलेटर बंद केला. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं — आणि मी ती पट्टी काढून खिशात घातली.

तात्या ओरडले, ‘‘दिन्या, काय झालं रं?’’

मी म्हणालो, ‘‘बटण अर्धं उघडं राहिलंय, तात्या.’’

एवढंच. सहा शब्दसुद्धा नाहीत. तात्या सगळ्या माहेरासमोर काकूंवर कडाडले, ‘‘आगं, तुलाच वास आला हुता न्हवं? मग बटण बघाया काय झालं हुतं?’’ काकू हौदापाशी वाकलेल्या तशाच म्हणाल्या, ‘‘म्या बंद केलं हुतं.’’ एकदाच म्हणाल्या. भावजयीनं तोंडाला पदर लावला.

तात्यांनी महिन्याभरात गाडी विकली. समुद्र राहिला. मी मात्र गाडी सोडली नाही. ती गोष्ट करून टपरीवर आणली. काकूंची काडी, काकूंच्या भुवया, ‘म्या बंद केलं हुतं’ हे काकूंच्या आवाजात, हात हौदात धरल्याचं सोंग करून. लोक गडाबडा लोळायचे. पुढे पुढे माळेगावात पोरीबाळी गॅस बंद करायला विसरल्या की घरचे म्हणत, काकू होशील. हे माझं काम. मग हसून हसून लोक घरी जात आणि बाकावर मी उरत असे. घरी कोण होतं? बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच निघून गेली होती. ‘तुमाला माणूस नगं, गर्दी पायजे,’ म्हणाली. 

तात्या गेल्यावर एकदा काकूंनी शेगडी बघायला बोलावलं. शेगडी चांगली होती. ती गेले कित्येक महिने पेटलीच नव्हती. काकू परसात चुलीवर करत होत्या. गॅस बंद केल्यावर पुन्हा बघायच्या, तरी पटायचं नाही, अंथरुणातून उठून बघायच्या, शेवटी सोडूनच दिला म्हणाल्या. उजव्या हाताची दोन बोटं त्यांना नीट मिटता येत नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला पाट दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या,

‘‘दिनू, आता ह्ये बी न्हायती, रागवायला कुणी न्हाय. खरं सांग. त्या दिशी बटण उघडं हुतं का रं? माझ्या हाताला आठवतंय, म्या बंद केलं हुतं.’’

दुसरं कुणी ऐकायला नव्हतं. तात्या नव्हते. माझं काय जाणार होतं? त्या मला काही बोलल्या नसत्या, एवढं मी त्यांना ओळखत होतो.

मी म्हणालो, ‘‘व्हय काकू. उघडं हुतं, थोडंसं.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘मग माझंच चुकलं,’’ म्हणाल्या, आणि चुलीवर माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

तो चहा मी प्यालो. संध्याकाळी टपरीवर कुणीतरी नवा माणूस आला होता, त्यानं मॅटेडोरची गोष्ट मागितली. मी ती सांगितली. त्या दिवशी ती फार रंगली.